कॉलेजात गेलेली मुले आणि कॉलेज पुरे केलेली मुले

(नाशिक येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. अशा प्रसंगी ज्ञातीचा इतिहास अथवा थोर पूर्वजांचे स्मरण असे विषय घेण्याची आपल्याकडे रीत आहे व ती वाईटही नाही. परंतु आमचा सारा जन्म प्राथमिक शाळेत गेला. हजेरीपट हेच आम्ही सर्वांत अधिक वाचलेले पुस्तक. कोण आले यापेक्षा कोण आले नाही, इकडेच शिक्षकाची नजर आधी जाते. म्हणून आज आम्ही न आलेल्यांविषयी बोलणार आहो.

दरवर्षी याच व्यासपीठावर दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा आपण गुणगौरव करतो. पेला, प्रशस्तिपत्र, नारळ देतो, छायाचित्र घेतो, आणि ते छायाचित्र पुढील स्मरणिकेत छापतो. तेथे आपले दप्तर संपते. त्या छायाचित्रातील मुलांपैकी कॉलेजात किती गेली व गेलेल्यांपैकी पदवी किती जणांनी घेतली, याची नोंद आपणांकडे नाही. आम्ही परिचयाच्या घरांतून सहज विचारपूस केली. उत्तरे ऐकून मन खिन्न झाले. कोणी पहिल्या वर्षाच्या दोन विषयांत अडकला तो परत गेलाच नाही. कोणास सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी मिळाली. कोणी म्हणाला, "गुरुजी, नाव अजून कॉलेजात आहे." नाव कॉलेजात आणि आपण अंबडला, अशी ही मुले आपल्या प्रत्येक आळीत आहेत.

आम्ही स्वतः मॅट्रिक. कॉलेजाची पायरी चढलो ती दुसऱ्यांच्या मुलांचे दाखले हाती घेऊन. तेव्हा कॉलेजविषयी या गृहस्थाने का बोलावे, असे कोणास वाटले तर त्यात गैर नाही. परंतु पहिलीतला मुलगा शाळा का सोडतो आणि कॉलेजातला मुलगा कॉलेज का सोडतो, यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

नाशकास उच्च शिक्षण सहजासहजी मिळालेले नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एके काळी येथील मुलास पदवीसाठी पुण्यास फर्ग्युसनमध्ये, नाही तर मुंबईस जावे लागे. त्याचा खर्च ज्यांना झेपे तेवढीच घरे शिकत. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ साली स्थापन झाला, गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ साली हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय काढले, आणि १९६९ साली के. टी. एच. एम. महाविद्यालय उभे राहिले. या कामी ज्यांनी वर्गणीसाठी दारोदार पायपीट केली त्यांना आमचे वंदन असो. त्याच काळात वसतिगृहे झाली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली होती. येथील उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिला बसविण्यासाठी १९२० साली ते स्वतः नाशकास आले होते. महाराजांनी काय ओळखले होते, हे पाहावे. शाळेचे दार उघडले म्हणजे मूल शिकते असे नव्हे. त्याला दोन वेळचे जेवण, निजावयास जागा व विचारपूस करणारे एक मोठे माणूस लागते. वसतिगृह म्हणजे हे तिन्ही एका छपराखाली आणणे.

पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि कमवा व शिका ही पद्धत तेथे रुजविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. तेथे नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळी वर्ग भरत. त्याच्याही पूर्वी, १८५५ साली, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. या सर्वांत एक समान सूत्र आहे. विद्यार्थ्याने संस्थेच्या सोयीने वागावे असा हट्ट त्यांनी धरला नाही, उलट विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो हे पाहून घड्याळ बदलले. कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली, तीही याच न्यायाने. आम्ही शिक्षक झालो त्या वेळी या कुरणशाळेविषयी आम्हांस शिकविण्यात आले होते, परंतु कॉलेजलाही कुरण असते हे कोणी सांगितले नव्हते.

आता कॉलेजातील मूल कोठे अडते ते पाहू. येथे आम्ही एका मुलीची हकीकत सांगणार आहो. ती आपल्याच ज्ञातीची आहे, नाव सांगत नाही. वडील भांड्यांच्या दुकानात कामास, घरात तिच्याआधी कॉलेजात कोणी गेलेले नाही. बारावीस गुण चांगले पडले, आपण तिला पेलाही दिला. वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला. वर्गात शंभरावर मुले. बारावीपर्यंत सर्व विषय मराठीतून, येथे हिशेबशास्त्राचे पुस्तक इंग्रजीत. पहिल्या सत्रात एक विषय राहिला, म्हणजे मुलांच्या भाषेत केटी लागली. एक विषय राहणे ही काही आपत्ती नव्हे. परंतु फेरपरीक्षेचा अर्ज संगणकावर भरावयाचा, त्याची मुदत अमुक तारखेपर्यंत, ही सूचना इंग्रजीत आली ती वडिलांच्या फोनवर. वडील ती वाचणार कसे? मुदत टळली. पुढच्या सत्रात त्या विषयाच्या पायावर दुसरा विषय उभा होता, तोही राहिला. मग तिला वर्गात बसण्याची लाज वाटू लागली. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत स्थळ आले. घरच्यांनी म्हटले, "नाही तरी तिचे तिकडे काही जमत नव्हते."

या साऱ्या प्रकारात बुद्धीचा प्रश्न कोठे आला? मुलगी हुशार होती, अजूनही आहे. ती अडली ती एका तारखेपाशी. त्या आठवड्यात तिला "बाई, तुझा अर्ज भरला का?" एवढे विचारणारे माणूस हवे होते. प्राध्यापकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांस तासिका तत्त्वावर, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर राबावे लागते, ज्यांच्या वर्गात शंभर चेहरे असतात, त्यांनी प्रत्येकाच्या अर्जाची चौकशी कधी करावी? दोष माणसांचा नाही, मध्ये रिकाम्या राहिलेल्या जागेचा आहे.

आपण तांबट. तेव्हा आपल्या धंद्यातील एक गोष्ट येथे सांगण्यास हरकत नाही. नव्या पिढीने ती पाहिलीही नसेल, कारण मठारकाम करणारे हात आता जुन्या आळीत बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. तांबे ठोकत गेले की ते कडक होत जाते. तसेच ठोकत राहिले तर चिरते. म्हणून जाणता कारागीर काही वेळाने भांडे पुन्हा भट्टीत घालतो, तापवून मऊ करतो, आणि मग हातोडी उचलतो. हे केव्हा करावयाचे ते पुस्तकात नाही, हातोडीच्या आवाजावरून बापाने मुलास शिकवावयाचे. आजचे शिक्षण म्हणजे नुसती ठोकाठोक झाली आहे. सत्र, चाचणी, परीक्षा, पुन्हा सत्र. मध्ये भांडे भट्टीत घालण्यास कोणास वेळ नाही, आणि आवाज ऐकावयास शेजारी कोणी बसलेला नाही.

याच प्रश्नाने एका दूरच्या देशास बरीच वर्षे छळले आहे. अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाच्या संस्था आहेत. शिकागोजवळच्या जोलिएट या गावी १९०१ साली असे पहिले कॉलेज निघाले, आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. येथे थोडे विषयांतर करतो. समाज म्हटले की आपणांस ज्ञाती आठवते. आमच्या एका मित्राने तर विचारले, "हे कोणत्या समाजाचे कॉलेज?" त्यांच्याकडे त्या शब्दाचा अर्थ गाव, वस्ती, पंचक्रोशी असा आहे. त्या पंचक्रोशीतील कोणीही यावे, मग तो कारखान्यात जाणारा असो की दोन मुलांची आई असो. शुल्क कमी, शिक्षण साधारण दोन वर्षांचे, पुढे नोकरी धरावी किंवा मोठ्या विद्यापीठात जावे. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१३ साली सामुदायिक महाविद्यालयांची योजना काढली, तिचे मूळ तेथे आहे.

दार सताड उघडे ठेवल्याने मुले लोटली, आणि मग जे आपल्याकडे दिसते तेच तेथे दिसले. येणारे पुष्कळ, पुरे करणारे थोडे. प्रथम त्यांनी एक उपाय केला तो आपल्या सर्वांच्या मनात येईल असाच होता. जो विद्यार्थी गणितात वा इंग्रजीत कच्चा, त्यास आधी उजळणीच्या वर्गात बसविले. त्या वर्गाचे गुण पदवीत धरले जात नसत. कच्चेपणा जास्त असेल तर एकामागून एक असे दोन-तीन वर्ग. उद्देश चांगला, परिणाम उलटा! त्या जिन्याच्या पायऱ्या चढता चढताच मुले दमून निघून जाऊ लागली. अखेर कॅलिफोर्निया राज्याने २०१७ साली कायदाच करून हा प्रघात आवरला. मुलास मुख्य वर्गातच घ्यावे व जोडीला मदत द्यावी, असे धोरण तेथे आले. आमच्या चाळीस मुलांच्या वर्गात आम्ही हेच करीत असू, नाइलाज म्हणून. कच्च्या मुलास मागच्या इयत्तेत ढकलता येत नाही, तेव्हा त्याच्या बाजूला बसूनच त्यास पुढे न्यावे लागते.

दुसरा प्रयोग याहून बोधप्रद आहे. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ साली आपल्या अशा कॉलेजांतून एक योजना सुरू केली. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकावयाचे ही अट. त्याच्या बदल्यात शुल्कात पडलेली तूट विद्यापीठाने भरावयाची, पाठ्यपुस्तके द्यावयाची, शहरात फिरण्याचा पास द्यावयाचा, शिकवणीची सोय करावयाची, आणि सर्वांत मुख्य म्हणजे प्रत्येकास एक मार्गदर्शक नेमून द्यावयाचा. त्या मार्गदर्शकाकडे इतर ठिकाणच्या मानाने विद्यार्थी थोडे, म्हणजे त्याला प्रत्येकाचे नाव ठाऊक. प्रवासाचा पासही मार्गदर्शकास भेटत राहणाऱ्याला मिळे, ही युक्ती आम्हांस फार आवडली. या योजनेची काटेकोर तपासणी झाली व तिचा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. उजळणीची गरज असलेल्या एकसारख्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले होते. तीन वर्षांनी योजनेबाहेरच्या गटातील शंभरांपैकी सुमारे २२ जणांनी पदवी घेतली, योजनेतील शंभरांपैकी ४० जणांनी. दर विद्यार्थ्यामागे खर्च वाढला हे खरे, परंतु दर पदवीधरामागे हिशेब केला तेव्हा तो कमी निघाला. व्यापारी मंडळींनी या शेवटच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावे. अर्ध्यावर टाकलेल्या भांड्यास कितीही कमी तांबे लागले असले तरी ते विकले जात नाही.

आणि हे ऐकून अमेरिकेकडे टक लावून बसण्याचेही कारण नाही, कारण या जातीचे एक मोठे विद्यापीठ आपल्या उशाशी आहे. गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनजवळ यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे आवार लागते. आपण तिकडे सहलीस जातो, आत किती जण गेलो आहो? १ जुलै १९८९ रोजी हे विद्यापीठ स्थापन झाले. प्राध्यापक राम ताकवले हे पहिले कुलगुरू. ते पूर्वी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते व पुढे दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही झाले. २०२३ साली ते निवर्तले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे या विद्यापीठाचे ब्रीद. नोकरदार, गृहिणी, शेतकरी, शिपाई, ज्यांची शाळा मध्येच सुटली अशा सर्वांसाठी ते काढले. गुरुजी समोर नाहीत हे धरूनच लिहिलेली मराठी पुस्तके दिली, गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली, सुटीच्या दिवशी समंत्रकांचे वर्ग ठेवले, आणि बारावीचे कुंपण ज्यांना ओलांडता आले नाही त्यांच्यासाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला. येथील नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रवेशापूर्वी केंद्रावर नीट विचारून घ्यावे.

परंतु मुक्त विद्यापीठात नाव घातले म्हणजे काम झाले, ही समजूतही खोटी आहे. पुस्तकांचा गठ्ठा घरी येतो, कपाटावर बसतो, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात खाली उतरतो. रविवारच्या वर्गास जाण्याचे टळते, कारण रविवार हाच लग्नमुंजीचा दिवस. घरबसल्या शिकणे हे सर्वांत कठीण शिक्षण आहे, कारण त्यात विद्यार्थ्याने स्वतःचा मास्तरही व्हावयाचे असते. ज्या घरात पाच माणसे दोन खोल्यांत राहतात व दूरचित्रवाणी रात्री अकरापर्यंत चालू असते, तेथे त्याने हे कोठे करावे? अभ्यासाला जागा लागते, वेळ लागतो व सोबत लागते. विद्यापीठाने पुस्तक दिले. जागा, वेळ आणि सोबत या तीन वस्तू त्याने द्याव्या असे म्हणणे रास्त नाही. त्या शेजारच्यांनीच द्यावयाच्या असतात.

येथे आम्ही आपल्या निधीकडे येतो. हा भाग काहींना रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. संघाच्या कार्यालयावर दुसरा मजला चढवून तेथे वातानुकूलित सभागृह करावे असा ठराव पुढे येणार आहे. लग्नकार्यास भाड्याने जाईल, उत्पन्न होईल, हा हिशेब आम्हांस समजतो. आमची सूचना एवढीच की पहिल्या मजल्यावरील मागची खोली, जेथे हल्ली खुर्च्या व मांडवाचे बांबू ठेवलेले असतात, ती आधी रिकामी करून अभ्यासिका करावी. सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी सहा ते दहा. पाळीवर जाणारा मुलगा दोहोंपैकी एक वेळ गाठू शकतो. बाके, दिवे, पंखे, आंतरजालाची जोडणी व एक छापयंत्र एवढेच लागेल. सभागृहास विरोध नाही. त्यास एक वर्ष थांबता येईल, दुसऱ्या वर्षात अडकलेल्या मुलास थांबता येणार नाही.

दुसरे, शिष्यवृत्तीचे. आपण पंचाहत्तर टक्क्यांच्या वरच्या मुलास पैसे देतो. त्यास सरकारी व इतर न्यासांच्याही शिष्यवृत्त्या मिळतात, आणि त्या घरात बहुधा वाट दाखविणारे कोणी असते. पंचावन्न टक्क्यांच्या मुलाकडे मात्र कोणीच पाहत नाही. पेले सर्व गुणवंतांना अवश्य द्यावेत, त्यांची थाप त्यांना मिळालीच पाहिजे. परंतु रोख रकमेचा निम्मा भाग पहिल्या वर्षात विषय राहिलेल्या मुलांची परीक्षा फी, बसचा पास व पुस्तके यांकडे वळवावा. यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांस खाजगीत विचारले, "म्हणजे नापासांना बक्षीस?" त्यांचा मान राखून आम्ही असे म्हणतो की वैद्य औषध आजाऱ्यासच देतो, आणि ते बक्षीस आहे असे कोणी समजत नाही. न्यूयॉर्ककरांची अटही घ्यावी. जो महिन्यातून दोनदा आपल्या मार्गदर्शकास भेटेल त्यालाच पुढच्या महिन्याचा पास.

हे मार्गदर्शक कोठून आणावयाचे? आपल्या ज्ञातीत सेवानिवृत्त शिक्षक, बँकेतील कारकून, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ थोडे नाहीत. हल्ली ही मंडळी गंगेवर सकाळी फिरावयास जातात व राजकारणावर बोलतात. एकाकडे दहा मुले, याहून अधिक नको. त्याला हिशेबशास्त्र यावयास पाहिजे असे नाही. त्याने चार प्रश्न विचारावयाचे. वर्गात गेलास का, काय कळले नाही, पुढची तारीख कोणती, घरी काही अडचण आहे का. न कळलेल्या विषयासाठी शेवटच्या वर्षातील मुले आहेतच. त्यांना थोडे मानधन देऊन खालच्या वर्षाच्या मुलांना शिकविण्यास बसवावे. शिकविताना त्यांचेही पक्के होते, हे कोणताही मास्तर सांगेल. तसेच दर आठवड्यास प्रत्येकाने एक पान लिहून आणावे, आणि ते कोणीतरी तपासून परत द्यावे. परत न मिळणारी वही मुले पुन्हा मनापासून लिहीत नाहीत.

मुलींविषयी एक शब्द. व्यावसायिक अभ्यासक्रमांस जाणाऱ्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतील मुलींचे शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये काढला. हे ठाऊक नसलेली घरे आपल्यात आहेत. अभ्यासिकेच्या फलकावर अशा सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत लावाव्यात. शिवाय सायंकाळी मुलींना आणण्या-पोहोचविण्याची व्यवस्था महिला मंडळाने हाती घ्यावी. ती नसेल तर अभ्यासिका मुलांचीच होऊन बसेल.

एक प्रश्न उरतो, आणि तो कार्यकारी मंडळाच्या बैठकीत विचारला गेला आहे. अभ्यासिका फक्त आपल्या मुलांची की आळीतील सर्वांची? खोली आपली आहे, पैसा आपला आहे, हे म्हणणे खरे. परंतु आपल्या आळीत आता सर्व ज्ञातींची घरे आहेत. आपल्या मुलाबरोबर एकाच बाकावर बसणारा मुलगा दारापर्यंत येईल आणि परत जाईल, हे आमच्याच्याने बघवणार नाही. खोलीत तीस जागा होतील. आमचे मत असे की दार सर्वांस उघडे असावे, आणि तीस जागा भरल्या तर खुर्च्या आपणच आणून द्याव्यात, त्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्यांचे मत निराळे असेल त्यांनी ते सर्वसाधारण सभेत उघड मांडावे, आम्ही आदराने ऐकू.

खोलीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक कार्यवाहांकडे दिले आहे. ज्यांना दहा मुलांची जबाबदारी घेणे शक्य असेल त्यांनी आपले नाव, राहण्याचा पत्ता व मोकळी वेळ एवढे लिहून आजच बाहेरच्या टेबलावर द्यावे. तेथे दोन वह्या ठेवल्या आहेत. दुसरी वही मुलांच्या पालकांसाठी आहे. तीत, कॉलेज सोडलेल्या मुलामुलींचीही नावे लिहावीत, मग सोडून कितीही वर्षे झाली असोत.